बंद म्हणजे उघड

३ मार्च, सोमवार

ट्रकच्या पुढच्या सीटखाली तळं! पहाटे तासभर पाऊस काय पडला, सगळा सनरूफमधून आत. ट्रक घेतला तेव्हा हे केवढे मिरवायचे त्या छतातल्या काचेवरून! हँडल फिरवलं की काच मागे सरकायची आणि डोक्यावर आभाळ. आता तिरकी होऊन अडकली आहे. धड उघडत नाही, धड मिटत नाही. एकवीस वर्षांची गाडी. तिनं तरी किती सोसायचं?

मुलाचा फोन आला. "आई, गळतंय तेवढं बघून घे. सोळा तारखेला एकाला गाडी बघायला घेऊन येतो. गाडी गेली की तुम्ही दोघं इकडेच या राहायला." मागून सूनबाई म्हणाली, "खोली तयार आहे, आई." गुणी आहेत पोरं. मीच तोंडात गुळणी धरून बसले.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "चमचा."

पक्षाघाताला अडीच महिने झाले. उजवा हात लुळा आहेच. पण शब्द — कुणीतरी सगळे डबे खाली ओतून पुन्हा भलतेच भरून ठेवावेत तसे झालेत.

४ मार्च, मंगळवार

गॅरेजवाला येऊन बघून गेला. "काकू, ह्याचं सामान आता कुठं मिळायचं? वरून पत्रा ठोकू, बंद करून टाकू. कटकट संपली."

पत्रा! ह्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. "राहू दे, आमचं आम्ही करू," म्हणून बसले. आम्ही म्हणजे कोण, देव जाणे. तीस वर्षं ह्यांनी गावभरच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि मी फक्त पाने उचलून दिले. तेही चुकीच्या नंबरचे.

५ मार्च, बुधवार

ह्यांची खुर्ची अंगणात ट्रकला लावून ठेवली. मी स्टुलावर चढून, मान वर. छताच्या आतलं कापड सोडवायलाच दोन तास गेले. "चमचा" म्हणजे पाना, हे एकदाचं कळलं. "उशी" म्हणजे स्क्रूड्रायव्हर. "मांजर" म्हणजे फडकं! मांजर दे म्हटल्यावर मी अंगणभर बघत होते, तर हे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा.

चहा घेऊन जरा जवळ बसले, तर "जा" म्हणाले. रोजचंच. उठले.

७ मार्च, शुक्रवार

हे काचेकडे बोट दाखवून सारखं "बंद, बंद" करत होते. म्हटलं, ठीक आहे. दुकानातून सिलिकॉनची नळी आणली आणि काचेच्या चारी बाजूंनी लिंपून टाकलं. देवळाच्या कळसाला रंग द्यावा इतक्या निगुतीनं! आता पाण्याचा थेंब येणार नाही.

खाली उतरून बघते तर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, आनंदानं.

८ मार्च, शनिवार

आनंद कसला! जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. वर बादलीभर पाणी ओतून बघितलं, तर आता काचेतून नाही, दिव्याच्या भोकातून गळतंय. आधी निदान एकाच जागी गळत होतं.

माझंच चुकतंय सगळं. काय चुकतंय तेवढं कळत नाही.

१० मार्च, सोमवार

आज शब्दबाईंचा दिवस. बोलायला शिकवणाऱ्या बाई. मी त्यांना शब्दबाईच म्हणते. सिलिकॉनचं रामायण ऐकवलं. शांतपणे म्हणाल्या, "काहींच्या जोड्या उलटतात हो. आत म्हणायचं तर बाहेर येतं. हो म्हणायचं तर नाही. मनात शब्द बरोबर असतो, जिभेवर त्याचा जोडीदार येतो. त्यांच्या तोंडाकडे कमी बघा, हाताकडे बघा. डावा हात काय सांगतोय ते बघायचं."

मग ह्यांना विचारलं, "अहो, काच उघडायला हवी होती का?" डावा हात कसा सरकला! पुढून मागे, पुढून मागे. तोंडानं मात्र, "बंद! बंद!"

बंद म्हणजे उघड. आणि मी बाई सगळं लिंपून बसले.

घरी आल्यावर भांडी घासताना हातातला पेला तसाच राहिला. दवाखान्यातून आणल्यापासून मी जवळ बसले की "जा" म्हणतात. आणि मी जाते. स्वयंपाकघरात येऊन नळ सोडते, म्हणजे रडलेलं ऐकू जाऊ नये.

जा म्हणजे —

ओल्या हातांनीच गेले आणि शेजारी बसले. "जा," म्हणाले. नाही उठले. डावा हात माझ्या पाठीवर आला. किती वेळ बसलो कोण जाणे. इतके दिवस माणूस मला ये ये म्हणत होता, आणि मी आपली उठून जात होते!

मुलाला फोन करून सांगितलं, बाबांचे शब्द उलटतात म्हणून.

११ मार्च, मंगळवार

दिवसभर सिलिकॉन खरवडलं. चाकूच्या पात्याचा कंगवा झाला आणि बोट चिरलं ते चांगलंच. ह्यांनी एका हातानं आणि दातांनी पट्टी बांधून दिली. वाकडी. बदलायची नाही.

१२ मार्च, बुधवार

काचेभोवती एक पन्हळ असते, हे आज कळलं! पाणी तिच्यात उतरायचंच असतं. चार कोपऱ्यांना चार भोकं, भोकांना बारीक नळ्या, आणि त्या दारांच्या कडेनं थेट चाकांपाशी. म्हणजे सनरूफ पाणी अडवत नाही, वाट करून देतं. आमच्या नळ्या एकवीस वर्षांच्या पाल्यानं गच्च. आणि वरून माझं सिलिकॉन!

सायकलच्या ब्रेकची तार हळूहळू आत सरकवली. हे डाव्या हातानं सांगत होते — थांब, फिरव, अजून. तोंडानं भलतंच काहीतरी. मी तिकडे लक्षच दिलं नाही. चौथ्या नळीतून काळा लगदा भसकन बाहेर आला, माझ्या पायावर! मग पेलाभर पाणी ओतलं आणि दोघंही वाकून चाकाकडे बघत राहिलो. टप. टप. मग धार.

"वाईट!" हे ओरडले. "फार वाईट!"

लग्नानंतर इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

काच का अडकायची ते सापडलं. ती रुळांवरून सरकते, आणि रुळात धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा मोडला होता. बोटाच्या पेराएवढा. भाजी चिरायचा जुना जाड प्लॅस्टिकचा बोर्ड करवतीनं कापला. पहिला तुकडा मोठा, दुसरा तुटला, तिसरा कानशीनं घासून घासून बसवला. ह्यांनी बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. भाजी आता ताटलीवर चिरीन.

१५ मार्च, शनिवार

उघडलं! हँडल फिरवलं आणि काच लोण्यासारखी मागे गेली. मग मिटली. वर चार बादल्या पाणी ओतलं. आत एक थेंब नाही.

दुपारी दोघंही पुढच्या सीटवर पाय लांब करून बसलो. गाडी अंगणातच. वर चौकोनभर आभाळ. उद्या गिऱ्हाईक येणार.

इथे लिहायला काय हरकत आहे? मला गाडी विकायची नाही. पोरं प्रेमानं नेतील, पण तिथे हे सोफ्यावर बसून राहतील आणि सगळे त्यांच्यासाठी पाणी घेऊन धावतील. इथे ते कारागीर आहेत. मी त्यांचा उजवा हात आहे. हे बारा दिवस मला कुठल्याही किमतीला द्यायचे नाहीत.

ह्यांना काय हवंय ते विचारायचा धीर झाला नाही.

१६ मार्च, रविवार

मुलगा आला, सोबत गिऱ्हाईक. गाडी बघून माणूस खूश. "असं चालू सनरूफ कुठे बघायला मिळतं!"

मुलानं ह्यांच्यापुढे बसून विचारलं, "बाबा, विकायची ना?"

हे म्हणाले, "नको."

मुलगा हिशेब करू लागला. "नको म्हणजे हवं. म्हणजे विकायची. बरोबर ना, आई?"

मी म्हटलं, "नाही रे. आता बरेच शब्द सुलटे येतात. नको म्हणजे नको."

तेवढ्यात हे माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "खोटारडी!"

मुलगा चक्रावला. "आणि हे?"

"हे उलटं."

आधी मुलगा हसला, मग गिऱ्हाईक, आणि सगळ्यांत जास्त हे. हसता हसता डोळे पुसायला लागले. मुलगा म्हणाला, "बरं बाई, राहू द्या गाडी. तुम्हीही राहा इथेच. पण रोज फोन करायचा." गिऱ्हाईक चहा घेऊन गेलं.

दमले. पुरे आता.

१७ मार्च, सोमवार

निदान इथे तरी खरं लिहावं. नको उलटंच होतं. नको म्हणताना ह्यांचा डावा हात आधी माझ्या चिरलेल्या बोटाकडे गेला, मग ट्रककडे, मग फाटकाकडे. मुलगा तेव्हा माझ्याकडे बघत होता. माझे हाल होऊ नयेत म्हणून स्वतःची गाडी विकायला निघाले होते.

आज सकाळी चहा दिला, तर कप बाजूला ठेवून पुन्हा म्हणाले — खोटारडी! अगदी स्वच्छ. तीन महिन्यांतला पहिला सरळ शब्द, आणि तो मला.