सोफ्याचा उजवा हात

आदरणीय थोरले साडूभाऊ यांस,

सविनय नमस्कार. आमच्याकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे माणसं ठीक आहेत. सोफ्याचं पुढे सांगतो. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी जिना उतरताना तो डाव्या पायाचा होता, आणि तुमच्या फोनमध्ये तो उजव्या पायाचा झाला होता. तेव्हा नक्की कोणता ते एकदा लिहून कळवावं. आक्कांची सर्दी गेली असेल. माझी प्रकृती उत्तम, वजन एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम (चपला काढून, सकाळी, माझ्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर. दवाखान्यातला काटा बहात्तर दाखवतो, पण त्या काट्याची स्प्रिंग गेलेली आहे हे मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं आहे. त्यांनी मला रक्तदाबाची गोळी लिहून दिली).

पत्रास कारण की, आमच्या सोफ्याचा विम्याचा दावा तिसऱ्यांदा नामंजूर झाला. तुम्हाला वाटेल, सोफ्यावर कॉफी सांडली, त्यात एवढं काय. पण तुमच्या मेहुणीने या सोफ्यासाठी अकरा वर्षं वाट पाहिली. अकरा वर्षं आमच्याकडे दोन घडीच्या लोखंडी खुर्च्या होत्या, आणि तिसरा माणूस आला की त्याला माझ्या दुरुस्तीच्या बाकावर बसवायचं आणि त्याच्याखाली स्क्रू नाहीत ना ते आधी बघायचं. सोफा घरी आला त्या दिवशी ती त्यावर बसली, पाय वर घेतले आणि नुसतं "आता कसं!" म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण ते दोन शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. त्यामुळे तो डाग मला बघवत नाही. रंग मात्र तिने निवडला होता, सायीसारखा पांढरट. मी कॉफीचा रंग घेऊ म्हणत होतो. माझं ऐकलं असतं तर आज कॉफीवर कॉफी पडली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण ते असो.

सोफ्याबरोबर पाच वर्षांचं संरक्षण मिळतं, असं दुकानातला टायवाला म्हणाला. डाग, चिरा, शाई, मेण, काहीही होऊ द्या, साहेब, एक फोन करा आणि विसरून जा. मी विसरणाऱ्यातला नाही. करारपत्र चौदा पानांचं होतं, ते मी दुकानात उभ्याने वाचलं. इतर गिऱ्हाईकं ते वाचत नाहीत हे टायवाल्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. नवव्या पानावर मी असताना त्याने अर्धं शटर खाली ओढलं आणि बाराव्या पानावर दिवे घालवायला सुरुवात केली. तुमची मेहुणी तेवढा वेळ सोफ्यावर बसून होती, तेव्हा वापर खरं तर तिथूनच सुरू झाला असं म्हणता येईल. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे की, नुकसान अचानक आणि अनपेक्षित घडलेलं असावं. हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं. (यापुढे सगळं रामायण याच वाक्यावरून घडलं आणि ते अधोरेखित करणारा मीच, याची नोंद घ्यावी.)

आता मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. शाळा आठवीत सुटली, पण काटा कुठे आणि किती कललाय ते मला डोळ्यांनी कळतं. कुणी शिकवलेलं नाही, मोडलेले काटे उघडून उघडून शिकलो. सोफा आल्यावर तिसऱ्याच दिवशी मला दिसलं की त्याचा उजवा हात आतल्या बाजूला उतरता आहे. गवंड्याची लेव्हल ठेवून पाहिली, तर तीन अंश! त्यातून तो हात मऊ. म्हणजे त्याच्यावर भरलेला कप ठेवला आणि शेजारी माणूस बसला, की गादी हळूहळू दबणार, हात आणखी झुकणार आणि साधारण चार मिनिटांत कप आत येणार. हे सगळं मी वहीत तारखेसह लिहून ठेवलं आणि खाली सही केली. तुमची मेहुणी म्हणाली, "मग तिथे कप ठेवायचा नाही, झालं." बायकांना शास्त्रात रस कमी.

त्यानंतर बरोबर तेविसाव्या दिवशी तुम्ही आलात. पुढचं तुमच्या डोळ्यांसमोर घडलं, पण तुम्ही तपशील विसरता म्हणून लिहितो. तुम्ही उजवीकडे बसलात. बिनदुधाची कॉफी आली. तुम्ही कप सोफ्याच्या हातावर ठेवलात. मी म्हटलं, साडूभाऊ, तिथे ठेवू नका, पडेल. तुम्ही म्हणालात, "काही पडत नाही हो, तुमचं आपलं काहीतरीच!" आणि हसलात. मग तुम्ही गुडघ्याचं सांगू लागलात (त्या दिवशी डावा), आणि चार मिनिटं दहा सेकंदांनी कप पडला. डाग एकोणीस सेंटिमीटर लांब, अकरा रुंद, मागून पाहिलेल्या बदकासारखा. तुम्ही "अरेरे" म्हणालात, आक्का "अगं बाई" म्हणाल्या. तुमच्या मेहुणीने फडकं आणलं.

दाव्याच्या फॉर्मवर घटनेच्या वर्णनासाठी तीन ओळी सोडल्या होत्या. तीन ओळींत घटना बसवणारी माणसं असतील, मी नव्हे. मी नऊ पानं जोडली, बाजूने आणि वरून अशा दोन आकृत्या काढल्या आणि वहीतल्या त्या पानाची नक्कल पुरावा म्हणून लावली, की बघा, मी हे तेवीस दिवस आधी सांगितलं होतं. बारा दिवसांनी उत्तर आलं. दावा नामंजूर. कारण, सदर नुकसान अनपेक्षित नसून दावेदाराने ते तेवीस दिवस आधी अपेक्षिलेले होते.

साडूभाऊ, माझा पहिला विचार काय होता सांगू? की माझी नऊ पानं कुणीतरी वाचली! शेवटपर्यंत वाचली! दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. मग मी फोन केला. तिकडे एक मुलगी होती, आवाज सर्दी झाल्यासारखा, पण स्वभावाने चांगली. ती म्हणाली, "अहो काका, तुम्ही नुसतं 'कॉफी सांडली' एवढंच लिहायचं होतंत. सगळे तेवढंच लिहितात." मी म्हटलं, बाई, सगळे तेवढंच लिहितात म्हणून ते खरं होत नाही. ती म्हणाली, "पण काका, पडणार हे तुम्हाला माहीत होतं, तर मग कप उचलला का नाही?" हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेही नव्हता, असं मी तिच्या निदर्शनास आणून दिलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या अर्जात मी बाजू बदलली. लिहिलं की दोष माझ्या अपेक्षेत नसून सोफ्यात आहे, हात मुळातच वाकडा बनवला आहे. यावर उत्तर आलं की बनावटीतले दोष या संरक्षणात येत नाहीत, दुकानाकडे जावे. दुकानाने आपला कारागीर पाठवला. जाडा, शांत, कानावर पेन्सिल. माणूस जाणकार असावा, कारण त्याने आल्याआल्या स्वतःची लेव्हल काढली. मला बरं वाटलं. पण ती त्याने सोफ्यावर न ठेवता जमिनीवर ठेवली! मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "सोफा सरळ आहे, साहेब. तुमची फरशी उतरती आहे. कुणी बसवली ही? शिकाऊ होता वाटतं."

(फरशी कुणी बसवली ते तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी गवंडी तीनदा आला नाही तेव्हा ती मी बसवली, कुणाकडून न शिकता, आणि तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की झकास झालीय.)

कारागिराने तसं लिहून दिलं, ते मी तिसऱ्या अर्जाला जोडलं, आणि तिसरं उत्तर आलं की घराच्या बांधकामातील दोषामुळे झालेलं नुकसान संरक्षणात येत नाही. त्यानंतर मी फरशी स्वतः मोजली. चार कोपऱ्यांतून, दोन वेगवेगळ्या लेव्हलनी. त्या मोजणीचा निष्कर्ष या पत्रात देण्याचं प्रयोजन नाही.

आता घरची परिस्थिती ऐका. पाहुणे आले की तुमची मेहुणी लगबगीने जाऊन डागावर बसते. एकदा बसली की उठता येत नाही, त्यामुळे चहा मी करतो. परवा शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि सव्वादोन तास बसल्या. मी तीनदा चहा केला. त्या जाताना मला म्हणाल्या, "किती हो मदत करता घरात! आणि हिची तब्येत बरी नाही का? जागची हलली नाही." डागावर उशी ठेवून पाहिली, पण पाहुणा पहिल्यांदा उशीच उचलतो. सोफा वळवून ठेवला तर दार अडतं. पाय वर घेऊन बसणं बंद झालं आहे. मी अर्जांचा विषय काढला की ती "पुरे झालं" म्हणते, आणि ते दोन शब्द मात्र मी बऱ्याचदा ऐकलेले आहेत. तरी मी माघार घेणारा नाही. हा दावा मी तिच्यासाठी जिंकणार, आणि तोही खरं सांगून जिंकणार.

आक्कांना नमस्कार. तुम्ही दोघं सवडीने या, सोफ्यावर डाव्या बाजूला बसा. काळजी नसावी, पण गुडघ्याची घ्यावी.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. – मुख्य विनंती राहिलीच. चौथ्या अर्जासाठी मला एक मुद्दा सुचला आहे. करारपत्रात नुकसान अनपेक्षित असावं असं म्हटलंय, पण कुणाला अनपेक्षित ते कुठेच म्हटलेलं नाही! मला ते अपेक्षित होतं, हे मी नाकारू शकत नाही. पण तुम्हाला? तुम्ही तर हसला होतात. तेव्हा सोबतच्या कोऱ्या कागदावर तुमच्या हस्ताक्षरात एवढंच लिहून सही करून पाठवावं: "कप पडेल असे मला वाटले नव्हते. साडूंनी तसे सांगितले होते. साडूंचे बरोबर निघाले." तिसरं वाक्य कायद्याने लागतंच असं नाही, पण असावं.

ता. क. २ – त्या चार मिनिटांत मी कुठे बघत होतो, हे तुमच्या लक्षात असल्यास ते लिहू नये. कुणी विचारलेलं नाही. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो. चारच्या पुढे काटा गेला तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझा धीर सुटत चालला होता.

भाऊजींना नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली चार ओळी लिहिते. ह्यांना कळू देऊ नका. सोफ्याची पावती माझ्या नावावर आहे, म्हणून सोमवारी मीच त्या कंपनीला फोन केला. सर्दीवाली मुलगीच होती. तिने विचारलं, अचानक सांडलं का? मी म्हटलं, मी स्वयंपाकघराच्या दारात होते, आवाज झाला तशी दचकले, म्हणजे अचानकच की! खोटं काय त्यात? मग पत्ता ऐकून तिने विचारलं, "काका घरात आहेत का?" मी नाही म्हटलं. तिने आत साहेबांना विचारलं आणि दहा मिनिटांत मंजूर. पुढच्या बुधवारी सकाळी माणूस येऊन गादीचं कापड बदलून जाणार आहे.

आता ह्यांना बुधवारी घराबाहेर काढायला हवं. हे घरात असले तर त्या माणसाला वही दाखवतील, आणि तो आल्या पावली परत जाईल. तेव्हा आक्काच्या स्वयंपाकघरातला काटा दहा ग्रॅम जास्त दाखवतो, एवढंच आदल्या रात्री फोनवर सांगा. हे पहिल्या गाडीने येतील. संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या.

आणि भाऊजी, तो कागद मात्र लिहून द्या. तिन्ही वाक्यं. डाग काय, बुधवारी जाईलच. पण त्या कारागिराने "शिकाऊ" म्हटल्यापासून हे फरशीकडे बघत नाहीत.