न्यूयॉर्कवाल्याला लिंबू

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! चहा निवायच्या आत न्यूयॉर्कवाला चाकू पेटीतून काढला, भिंगाखाली धरला आणि सकाळ वाया गेली. पातं फार पांढरं आहे. माझ्या आजोबांच्या वेळचं अमेरिकन पोलाद एवढं पांढरं राहतं? पेटीतले बाकीचे सगळे चाकू करडे झालेत, निळसर झालेत. म्हातारपण लपत नाही. ह्याचंच बरं लपलंय.

मुठीचं हाड खरं आहे. बारीक छिद्रं दिसतात, प्लास्टिकला ती नसतात. न्यूयॉर्कचा छाप बरोबर. इंग्रजी मला धड वाचता येत नाही, सातवीत शाळा सुटली, पण ह्या छापातलं कुठलं अक्षर कुठे जाड, कुठे झिजलेलं ते पाठ आहे. मिटताना 'टक्' वाजतं, तेही बरोबर. अडतंय ते फक्त पातं!

उपाय माहीत आहे. लिंबाचा रस. जुनं पोलाद काळं पडतं. स्टेनलेस असेल तर ढिम्म, म्हणजे पातं मागाहून बसवलेलं, चाकू नकली. लोकांच्या चाकूंना मी बिनदिक्कत लिंबू लावतो. ह्याला लावायला हात धजत नाही. डाग पडला तर जन्माचा. आणि नाही पडला तर?

नाही पडला तर जयवंतचं काय करायचं?

५ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही. शकू म्हणाली, लग्न नातवाचं आणि जाग तुम्हाला. तिला वाटतं मी हॉलची काळजी करतोय. तीही करतोय म्हणा.

हा चाकू मला जयवंतने दिला. बदल्यात माझे चांगले पाच घेऊन गेला. आम्ही एकमेकांना विकत नाही, अदलाबदल करतो. गोदीत तो कारकून होता, मी गोदामात होतो. एका अमेरिकन खलाशाच्या खिशातला चाकू दोघांनी एकदमच बघितला आणि दोघेही बिघडलो. तेव्हापासून तो दर रविवारी ठाकूरद्वारहून लालबागला येतो. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण होतं. मी टेबलावर ठेवतो, तो उचलतो. अजून तरी भांडण झालेलं नाही.

चाकू नकली निघाला तर ह्या माणसाने मला फसवलं असं होईल. नाही तपासला तर काहीच होत नाही. मग नकोच!

९ फेब्रुवारी, रविवार

जयवंत आला. आडून विचारलं, न्यूयॉर्कवाल्याचं पातं जरा जास्तच पांढरं नाही वाटत? म्हणाला, कुणीतरी घासलं असेल पूर्वी. आणि पोह्यात मान घातली.

तसा तो पोहे खाताना कधीच मान वर करत नाही. तरी पण.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेलो! हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात कट्यार लागते, टोकाला लिंबू खोचून. घरची कट्यार भावाने गावी नेली ती तिकडेच राहिली. सून बाजारातून सुरी आणायला निघाली, तर शकूने तिला दारातच अडवलं.

"पेटीभर चाकू घेऊन बसलेत आमचे हे, आणि नातवाच्या हातात भाजीची सुरी? लोक शेण घालतील तोंडात."

मी लगेच दोन दणकट चाकू काढून दिले. सौमित्रने बघितलेसुद्धा नाहीत. म्हणाला, आजोबा, मला तो न्यूयॉर्कवाला हवा, लहानपणापासून तुम्ही त्याला हात लावू दिलेला नाही. काय बोलणार! सुचवलं, पात्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळू आणि मग लिंबू खोचू. शकू म्हणाली, त्यापेक्षा लिंबाला रेनकोटच शिवा.

सगळे हसले. मीही हसलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हळद झाली. नाचले सगळे. शकूसुद्धा नाचली, गुडघे विसरून. सौमित्र पाटावर पिवळाधमक बसला होता आणि हातात माझा चाकू. लिंबू मीच खोचलं. दुसऱ्या कुणी तिरकं खोचून टोक मोडलं असतं. आत गेलं तेव्हा रसाचा चर्रकन आवाज झाल्यासारखं वाटलं. शकू म्हणते तो माझ्या दातांचा.

जयवंत संध्याकाळी आला. लिंबू बघितलं आणि हातातला पेढ्यांचा बॉक्स तसाच धरून उभा राहिला. मग मला जिन्यात नेलं.

"हा कशाला दिलास? दुसरा नव्हता?"

मी म्हटलं, नातवाने मागितला. तो कपाळाचा घाम पुसत होता, आणि जिन्यात चांगला गार वारा होता!

म्हणजे त्याला माहीत आहे. देवा, उद्या ते लिंबू निघूच नये!

१६ फेब्रुवारी, रविवार

काळं! काळंकुळकुळीत! लिंबू होतं तिथपर्यंत, पावसाळी ढगासारखं!

आता नीट लिहितो. दादरचा हॉल. अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळे नव्या नातसुनेकडे, अक्षताकडे बघत होते. खरंच छान दिसत होती, नंतर बघितलं. मी लिंबाकडे बघत होतो. फोटोवाला दोनदा ओरडला, आजोबा, वर बघा. आता सगळ्या फोटोंत माझं टक्कल येणार.

विधी आटोपल्यावर कोपऱ्यात जाऊन लिंबू काढलं. सौमित्र मुंडावळ्यांसकट मागे आला. रुमालाने पुसलं. काळं! सौमित्र म्हणाला, सॉरी आजोबा, खराब झाला. मी त्या पोराचा मुकाच घेतला. मुंडावळ्या माझ्या चष्म्यात अडकल्या.

जयवंत पंगतीत होता. त्याच्या पानाशेजारी चाकू ठेवला. त्याने भिंग काढलं. हा माणूस लग्नालाही भिंग आणतो! किती वेळ बघत होता. मग हळूच म्हणाला,

"अस्सल आहे रे, सीताराम."

चाकू पानाशेजारी ठेवला आणि उठला. जयवंत, आणि पानातली जिलबी सोडून! भरून आलं असणार. मलाही आलं. उगाच संशय घेतला मी देवमाणसावर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सौमित्र आणि अक्षता पाया पडून गेले. घरभर फुलं आणि उरलेला मसालेभात.

दुपारी जयवंतचा फोन. पाच मिनिटं लग्नाचं कौतुक, मग म्हणाला, ती जुनी अदलाबदल आपण परत फिरवू या का? तुझे पाच तुला, माझा मला. वर आणखी दोन देतो.

मी म्हटलं, बघू. एवढी घाई कसली आहे त्याला?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दात घासताना कळलं. नकली समजून दिला होता त्याने मला! चाकू नकली निघाला तर जयवंतने फसवलं, ह्या धास्तीत इतकी वर्षं काढली. चाकू अस्सल निघाला, आणि तरी तेच!

एवढा हसलो की पेस्ट नाकात गेली. शकू धावत आली. तिला म्हटलं, काही नाही, माझी काळजी ठाकूरद्वारला राहायला गेली.

जयवंतला कळवलं. रविवारी ये, पोहे आहेत. चाकू टेबलावर ठेवीन. हवा तेवढा वेळ बघ, आणि परत टेबलावर ठेव.