कुलपं उघडायला गेलते तेव्हा

आये, तुला पणती झाली. आज नववा दिवस. जावळ असं दाट की दवाखान्यातली टोपी बसेना, अन् नाक तर तुझंच, फुगीर. मी तिच्याकडं बघत बसते अन् चुलीवरचं विसरते. काल अळिवाची खीर करपली, तीच खाल्ली आमी. जावई म्हणाले, मामी, धूर लागलाय पण चांगलीय. गुणाचा माणूस.

मला लिहायची सवय न्हाई. चौथीपातूर गेले, मग तू ढोरांमागं धाडलंस. ही जावयाची जुनी वही हाय. एवढ्या ओळी लिहीपातूर तीनदा उठले. पोर निजलीय का, पाळण्याची दोरी नीट हाय का, दार लोटलंय का. सगळं जागच्या जागी असतं, तरी उठते. आनंद तर मावत न्हाई, पण जीव ठिकाणावर न्हाई माझा. ते कशापायी, ते तुलाच सांगायचंय.

तुझ्यावर माझा एक राग हाय, एकोणतीस वर्षांचा. आता बाळंत झालीय त्याच लेकीच्या जन्माच्या वेळचा. पहिलं बाळंतपण म्हणून तू मला आंदर मावळात, आपल्या वाडीवर आणलंस. दुसऱ्या दिवसाची दुपार झाली तरी पोर अडलेली. एसटी मैलोगणती लांब. सुईण पोट चोळतेय, मी तुला हाका मारतेय, अन् तू न्हाईस. बाई अडली की घरात काही बांधलेलं, झाकलेलं ठेवायचं न्हाई, ही आपली रीत. तू ट्रंक उघडलीस, कणगीचं झाकण काढलंस, माझा अंबाडा सोडलास, इथवर ठीक. मग घरची जनावरं सोडलीस. मग शेजारच्या गोठ्यात शिरलीस. अख्ख्या वाडीची दावी सोडलीस तू, अन् म्हशी सरळ शेजारच्या आबांच्या भाताच्या रोपात. आबा अंगणात येऊन बोलत होते ते मला आत कळा सोसताना शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

“लेक तुझी अडलीय, माझी म्हस कशाला सोडलीस? ती काय तिच्या पोटात बसलीय व्हय?”

तू म्हणालीस, “रोप दुसरं टाकता येतं, आबा.”

वाडीला वर्षभर हसायला पुरलं ते. चारचौघांत मीही हसायचे. पण मनात एकच, हिला वाडीभरची दावी सुचली, माझा हात धरायचं सुचलं न्हाई. तू आत आलीस ती पोर रडल्यावर. पुढं तीन वर्षांनी तू गेलीस. मी कधी विचारलं न्हाई, अन् राग काही गेला न्हाई.

आता लेकीचं ऐक. लग्नाला आठ वर्षं झाली तवा कुटं दिवस गेले. लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. सकाळपासून कळा, दुपार झाली तरी पोर खाली सरकेना. सिस्टर भली होती, म्हणाली, “मावशी, तुम्ही इथंच थांबा. तुमचा हात धरला की ती दम नीट घेते.” लेकीनं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. मग त्या मशिनीतला पोराच्या काळजाचा ठोका मंद व्हायला लागला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आता वाट बघायची न्हाई, सिझर करू. जावई बाहेर सही करायला गेले. अन् मी लेकीची बोटं एकेक करून सोडवली.

ती म्हणाली, “आई, जाऊ नको.”

मी गेले.

कुसगावात मी एक बंगला सांभाळते. सुट्टीला मुंबईची पाव्हणी येतात, एरवी रिकामा. तितल्या सगळ्या चाव्या माझ्या कंबरेला. रिक्षानं गेले अन् उघडत सुटले. खोल्या, कपाटं, फ्रीज, डब्यांची झाकणं, एक टूथपेस्ट होती तिचंसुद्धा टोपण काढलं. तसंच टाकून परत पळाले. संध्याकाळी वॉचमनचा फोन आला तवा जावई शेजारीच होते, मावशी, माकडं सोफ्यावर बसून मालकांचे काजू खातायत. मालकीणबाई लय बोलल्या. बोलू दे.

मी पोचले तवर सिझर झालं होतं. पोर लगेच रडली न्हाई म्हणून दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलेली. लेकीनं डोळे उघडले अन् पहिलं विचारलं, “आई, कुटं गेलतीस?”

मी म्हणाले, “सिस्टरनी बाहेर काढलं गं.”

दुसऱ्या दिवशी जावयानं तिला माकडांचं सांगितलं, माझी चोरी उघडी पडली. मग मी रीत सांगितली, दावी सांगितली, आबांची म्हस सांगितली. टाके दाबून हसली ती. म्हणाली, “आजीवर गेलीस तू.” तेवढ्यावर तिनं मला माफ केलं, अन् तवापासून मला बसवत न्हाई.

कारण आये, मी कुलपांसाठी गेलेच न्हवते. तो ठोका मंद झालेला मला ऐकवेना. पोर गेली तर ते बघायला मी तितं नको, एवढंच डोक्यात होतं. लेक गेली तरी, असंही आलं मनात, अन् तरी पाय चालतच होते. कुलपं मला रिक्षात बसल्यावर आठवली. रिक्षावाला विचारत होता, कुटं जायचं, अन् काहीतरी सांगायला पाहिजे होतं.

तुझंही तसंच झालं का गं? माझ्या हाका ऐकवेनात म्हणून तू अंगणात आलीस, अन् मग जनावरं दिसली का? तसं असलं तर माझा राग गेला. तसं नसलं, तू खरंच रीत म्हणून गेली असलीस, तरी गेला. रागवायला आता मला तोंड कुटं हाय.

पोर उठलीय, लेक हाक मारतेय. ही वही गाद्यांच्या घडीत घालते. लेकीनं परत विचारलं न्हाई, अन् मी तिला कुलपांचंच सांगून ठेवलंय.