नावाड्याच्या पोस्टरवरचा साप

५ डिसेंबर १९९३

नाताळच्या आठवड्यात क्वान्साकाकांच्या व्हिडिओ हॉलमध्ये वर्षभरातले आवडते सिनेमे पुन्हा लागणार. पोस्टरं नेहमीप्रमाणे पेंटर मास्तर ओतू आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा मी, अशी आम्ही रंगवायची. आणि यंदा एक खेळ माझ्या पसंतीचा! मी लगेच म्हणालो — नावाडी. काका हसले. "एप्रिलमध्ये माणसांपेक्षा बाकं जास्त होती, तोच ना? लावू. पण हॉल ओस पडला, तर त्या कॅसेटवर फुटबॉलची मॅच टेप करीन."

आमच्या मंकेसिम गावात त्या सिनेमाची तेवढी एकच कॅसेट आहे.

८ डिसेंबर

वर्षभरात किती चांगलं पाहायला मिळालं. जुळ्या पोलिसांचा — भाऊ भावाला बेडी घालतो, पण आधी त्याच्या मनगटावरचं घड्याळ हळूच काढून ठेवतो. चेटकीण सासूचा — तिचीच मला दया आली, कुणाला सांगितलं नाही. पण नावाड्याची सर कशालाच नाही. नदीवर पूल होतो. सगळं गाव पुलावर नाचतंय, आणि म्हातारा रिकामी नाव पलीकडे नेतो. उतरतो. झोपलेल्या लेकराला थोपटावं तसं नावेला थोपटतो. बस, एवढंच. मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

१३ डिसेंबर

पिठाची दोन पोती उसवून शिवली, त्यावर पोस्टर काढलं. म्हातारा, नाव, पूल. सिनेमात वल्ह्याची भेग डावीकडे आहे. मीही डावीकडेच काढली. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून चादर धरून उभा राहिलो.

मास्तर बराच वेळ बघत होते. "हात छान बसलाय, एबो. पण हे बघून लोक आत येतील, की नदीवर कपडे धुवायला जातील?"

"मग काय काढू?"

"साप."

"सिनेमात साप नाही, मास्तर."

"माझ्या कुठल्या सिनेमात होता?"

खरंच. मास्तर सिनेमा न बघताच रंगवतात. जुळ्या पोलिसांच्या पोस्टरवरही साप होता, आणि हॉल भरला होता. पण मला खोटं रंगवायचं नव्हतं. पोस्टर तसंच ठेवलं.

१९ डिसेंबर

पोस्टर चार दिवस चौकात टांगलंय. मक्याच्या पिठाचे उंडे, केंकी, विकणाऱ्या अराबामावशींनी आज विचारलं, "हे कुठल्या चर्चचं रे?"

२० डिसेंबर

साप काढला. दोन डोक्यांचा, नावेला विळखा घातलेला. खवला न् खवला नीट — खोटं असलं तरी गबाळं नको. पूल थोडा झाकला गेला. आता लोक चिडतील, आणि कॅसेट जायची ती जाईलच.

२३ डिसेंबर

हॉल भरला. उभं राहायला जागा नाही. मी दाराशी, पडद्याकडे पाहिलंच नाही, लोकांकडेच पाहत होतो. आता कुणीतरी ओरडेल — साप कुठाय? पूल झाला. नाव निघाली. जनरेटरचा तेवढा आवाज. अराबामावशींनी डोक्याचं फडकं सोडून डोळ्यांना लावलं.

बाहेर पडताना पैसे परत कुणी मागितले नाहीत. काका म्हणाले, "नवीन वर्षाला पुन्हा हाच लावू."

२४ डिसेंबर

सकाळी केंकी बांधून देताना अराबामावशी म्हणाल्या, "साप आला तेव्हा मी डोळे झाकून घेतले होते, एबो. कसा होता रे?"

मी म्हणालो, "दोन डोक्यांचा."