रूटचा पासवर्ड

५ सप्टेंबर १९८८, खोपोली

परत तेच! फ्लॉपी घातली, कमांड दिली — स्क्रीनवर ‘परमिशन डिनाइड’. कारखान्याचं हे मशीन रोज मी चालवते, मी पुसते, पण नवं पॅकेज बसवायचा हक्क फक्त ‘रूट’ला, म्हणजे मशीनच्या मालक-खात्याला. आणि रूटचा पासवर्ड फक्त आमच्या शरच्चंद्र साहेबांकडे! मुंबई ऑफिसने स्टोअर्सच्या हिशोबाचं नवं पॅकेज पाठवून महिना झाला. नऊ फ्लॉप्या कपाटात पडून. विचारलं की, ‘‘मिस कर्णिक, घाई कसली? बघू सोमवारी.’’ अहो, आज सोमवारच आहे की!

१४ सप्टेंबर

स्टोअरचा गजा टेबलावर हात आपटून गेला. ‘‘मॅडम, तुमचा काम्पुटर म्हनतो बेरिंगं चाळीस हायेत. मांडणीवर चार पन नाय! मी काय घरी नेली?’’ जुनं पॅकेज चुकतं हे मला ठाऊक आहे. शिव्या मात्र मी खायच्या. शरच्चंद्र म्हातारा केबिनमध्ये पेपर वाचत होता.

३० सप्टेंबर

माझ्या रिपोर्टवर त्याने लिहिलंय — ‘काम चोख, पण घाई करतात.’ झालं! आता माझं नोकरीत कायम होणं लटकलं. एक नोव्हेंबरला ऑर्डर आली नाही, तर काका कर्जतच्या घरी तयारच आहेत, अकोल्याचं स्थळ घेऊन. दिवाळीनंतर उरकून टाकणार म्हणे. उरकून!

१० ऑक्टोबर

पासवर्ड कळला. एका बोटाने टाइप करतो तो. मी तरी किती दिवस दुसरीकडे बघायचं? ‘सुचेता’. बायकोचं नाव असणार.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज सगळ्या हत्यारांना झेंडूचे हार आणि सुट्टी. सगळे शेडमध्ये पूजेला. कॉम्प्युटरलाही हार घातला, आज हात लावायचा नाही म्हणे. मी लावला. रोजच्यासारखं माझ्या नावाने मशीन उघडलं, मग त्याचा पासवर्ड दिला, रूट झाले. नऊच्या नऊ फ्लॉप्या चढवल्या. पॅकेज सुरू झालं! एवढंसं काम, आणि अडीच महिने नाचवलं मला. मग म्हटलं, जुनं पॅकेज पुसून टाकू. पुसलं.

देवा रे. मी जुन्या पॅकेजच्या डिरेक्टरीत, त्याच्या कप्प्यात, नव्हतेच. प्रॉडक्शनच्या डिरेक्टरीत होते. नुसत्या माझ्या रोजच्या नावाने पुसायला गेले असते तर मशीनने अडवलं असतं. रूटला कोण अडवणार? बॅकअपची टेप तीन आठवडे जुनी. भट्टीच्या तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या.

घाबरून नवं पॅकेजही काढून टाकलं. हात धुतले आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

२१ ऑक्टोबर

सकाळीच बोभाटा. साहेबाने मला विचारलं, ‘‘परवा मशीनवर कोण बसलं होतं?’’

‘‘खंडेनवमीला कोण बसणार, सर?’’ माझा आवाज जरासुद्धा कापला नाही!

‘‘बरं,’’ म्हणाला. तासभर एकटाच मशीनवर बसला. मग मॅनेजरांसमोर जाऊन सांगतो काय — ‘‘पासवर्ड सांभाळणं माझं काम होतं. चुकीची कमांड माझ्याकडूनच गेली.’’

बावळट! त्याला खरंच वाटतंय, आपल्याच हातून झालं. डोकं ठिकाणावर नाही, आणि रूट म्हणे ह्याच्याकडे! मी गप्प बसले. अडीच महिने रखडवलंस ना? भोग आता.

२८ ऑक्टोबर

त्याला हलवलं. चौक गावच्या गोदामावर. रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत. जाताना मला म्हणाला, ‘‘टेप रोज काढत जा.’’ शहाणपण सुटत नाही!

मला वाईट वाटत नाही. नाहीच वाटत.

१ नोव्हेंबर

कायम झाले! आईने पेढे आणले. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. रूटही आता माझ्याकडे, रीतसर, सहीशिक्क्यानिशी.

२ नोव्हेंबर

कोण कधी रूट झालं ते मशीन एका फाइलीत आपणहून लिहून ठेवतं. मला माहीतच नव्हतं. ती फाइल फक्त रूटला उघडते. आज उघडली. १९ ऑक्टोबर, सकाळी ११.४०. तिथे माझं नाव असायला हवं होतं. साहेबांचं आहे.

मशीन नावात चुकत नाही. ते हाताने बदलावं लागतं.