निकाल वाईट लागलेल्या बाईचे घर

मी, साइमा वेन्हो, राहणार लेप्पाविर्ता, तळ्याकाठचे पिवळे घर, धंदा चिंध्यांच्या सतरंज्या विणणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत आहे. माझ्या नातेवाइकांपैकी दुसऱ्या कोणाकडेही असा दाखला नाही.

१. तरुणपणी मला स्किझोफ्रेनिया झाला. प्राध्यापक लिंडरूस यांनी माझे रक्त तपासले, मेंदूचे फोटो काढले आणि मेंदूतल्या पोकळ्या रुंद आहेत एवढ्यावरून सांगितले, की 'निकाल वाईट', ही कधी स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही. कॉफीचा गाळ पाहून भविष्य सांगणारी आमची शेजारीण निदान तोंडाकडे तरी बघायची. माझा थोरला भाऊ उर्हो याने मात्र ते ब्रह्मवाक्य मानले आणि मला रुग्णांच्या वसतिगृहात नेऊन टाकले. तिथून मी बाहेर पडले आणि विणकामावर हे घर घेतले.

२. पुष्कळ वर्षांनी लिंडरूस यांच्याच विद्यापीठातल्या डॉ. तुरपाइनेनबाई दारात आल्या.

"तुम्ही जिवंत आहात?"

"कॉफी घेता, की आधी नाडी बघता?"

"आमच्याकडे तुमची नोंद 'माग लागला नाही' अशी आहे. फेरतपासणीला का आला नाहीत?"

"जूनमध्ये बोलावलं होतंत. जूनमध्ये मी तळ्याच्या धक्क्यावर सतरंज्या धुते."

बाई प्रामाणिक. त्यांनी कबूल केले, की कामाधंद्याला लागलेले बरेचसे आलेच नाहीत आणि ते हिशेबातून गळले. वॉर्डातले हाताशी होते, तेवढे मोजले. मग लिंडरूस यांनी जाहीर केले, की पाहा, भाकीत खरे ठरले! अशा अकलेला मानाची शाल मिळाली म्हणे.

३. आता उर्होची नात पिहला हिला तोच आजार झाला आहे. नव्या तपासणीत रक्ताने पुन्हा 'निकाल वाईट' म्हटले. उर्हो धावत आला.

"साइमा, घर तिच्या नावावर करू नकोस. दोन वर्षं नीट राहिली तर बघू."

"दादा, दारू पिऊन होडी बुडवलीस, तेव्हा तुझं घर कोणी काढून घेतलं होतं का रे?"

सबब घर, सौना म्हणजे वाफेची न्हाणी, विणायचा माग आणि सर्व सूत पिहलाला. लिंडरूस यांचा अहवाल उर्होला, कारण त्यावर श्रद्धा त्याचीच आहे.

४. विद्यापीठाने माझा मेंदू मागितला आहे. देणार नाही. मी तोंडाने बोलू शकत होते, तेव्हा यांना सवड नव्हती.

५. पिहलाला पुन्हा झटका येईल. मलाही येत असत. आवाज तर आजही येतात. ते बडबडतात, मी विणते. ती इस्पितळात गेली तर शेजाऱ्यांनी पाण्याचे नळ गोठू देऊ नयेत, आणि किल्ली तिच्याच खिशात राहू द्यावी. ती बरी होवो न होवो, घर तिचे आहे.

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर:
डॉ. इरमेली तुरपाइनेन (सही)
ओस्मो लाक्सो, शेजारी (सही)

लिहून देणार: साइमा वेन्हो (सही)
लेप्पाविर्ता, ९ मे २०१९