इथे बसायचं नसतं

१२ फेब्रुवारी १९९५, रविवार

हैदराबादेत येऊन पंधरवडा झाला आणि मला चक्क हे शहर आवडायला लागलंय. विद्यानगरच्या घराला गच्ची आहे, कोपऱ्यावरचा इराणी चहा आमच्या पिंपरीच्या कँटीनपेक्षा शंभर पटीनं बरा आहे, आणि संगणक कंपनीनं माझ्या लेकाला, दिलीपला, टाय बांधायला लावल्यामुळे रोज सकाळी माझी फुकटात करमणूक होते. माझ्या कारखान्यानं मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. पण हातावर हात ठेवून घरी बसणाऱ्यातली मी नाही. शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं विचारलं, रविवारी आमच्याबरोबर येता का, तेव्हा कुठे हे विचारायच्या आधीच मी हो म्हणून मोकळी झाले. निघालो ते थेट स्मशानात.

मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या अंगाला, लिंगायतांची जुनी रुद्रभूमी आहे. निजामाच्या काळात बिदर-उदगीरकडून आलेल्या शेतकरी घराण्यांची. नवी समाधी इथे आता होत नाही. त्या घराण्यांतली माणसं बँकेत आहेत, दुकानांत आहेत, आणि दर रविवारी येऊन काटेरी झुडपं तोडतात, समाध्यांवरची अक्षरं घासून काढतात. त्यांचे म्होरके अप्पाराव. रेल्वेतून निवृत्त, सत्तरीचे, धोतराखाली नातवाचे स्पोर्ट्स शूज. त्यांनी सांगितलं की त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, आडवंही ठेवत नाहीत. बसवतात. मांडी घालून, डावा तळहात छातीशी उघडा, त्यावर जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग. म्हणजे माझ्या पायाखाली सगळी मंडळी पंगतीला बसावी तशी बसलेली होती. मला हे आवडलं.

एकच खटकलं. सकाळभरात कुणी टेकलं नाही. चहा उभ्यानं, उप्पीट उभ्यानं. भाग्यलक्ष्मी म्हणाली, इथे बसायचं नसतं. दुसऱ्या कुठल्या रुद्रभूमीत असा नियम नाही, फक्त याच जागेत आहे. वरचं कुणी बसलं की खालचं कुणी उठतं म्हणे. मी हसले. माझे गुडघे मात्र हसले नाहीत.

१९ फेब्रुवारी, रविवार

नारायणगुड्यातून प्लास्टिकची लाल खुर्ची आणली. हल्ली जिथे तिथे दिसतात तसली, एका हातानं उचलता येणारी.

आमच्या लायनीवरच्या बायका पाळीभर उभ्या असायच्या. साहेब म्हणायचा, बसलं की काम थांबतं. गेटवर ठिय्या दिला, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे स्टुलं मिळाली. तोवर माझ्या गुडघ्यांची वाट लागली होती. तेव्हापासून ‘इथे बसायचं नाही’ ऐकलं की माझं डोकं फिरतं, मग सांगणारा मालक असो नाही तर म्हातारा. कुणाला वाटत असेल हिची अक्कल गुडघ्यात आहे, तर वाटू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

चिंचेखाली खुर्ची मांडली आणि बसले. खुरपी थांबली. अप्पारावांनी येऊन हात जोडले.

“बाई, इथं बसलेले लई झालेत. तुमची भर नको.”

मी म्हटलं, माझे गुडघे तुमच्या जमिनीला विचारून दुखत नाहीत. ते परत कामाला लागले.

बसल्याबसल्या समोर भिंतीशी एक नऊवारीतली म्हातारी दिसली. कमरेवर हात ठेवून पाठ ताणत होती, पाळी सुटल्यावर आमच्या बायका ताणायच्या तशी. बरं वाटलं, म्हटलं नवीन कुणी आलंय. उठून तिला चहा न्यावा म्हणून कप भरला, तर भिंतीशी कुणी नाही. भाग्यलक्ष्मीला विचारलं. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि गंमत म्हणजे उठताना गुडघा दुखला नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

खुर्ची चिंचेखालीच ठेवून आले होते. आज बघते तर तिचे पाय वीतभर जमिनीत. आठवडाभरात पावसाचा थेंब नाही, जमीन दगडासारखी. भाग्यलक्ष्मी आणि मी, दोघींनी मिळून उपटली.

पण आजची खरी बातमी वेगळीच. भिंतीवर शॉपिंग कॉम्प्लेक्सचा रंगीत फलक लागलाय, चित्रात सरकते जिने आणि कारंजी. बिल्डरचा माणूस जीपमधून आला. जागेचे कागद आपल्या नावावर आहेत, उगादी, म्हणजे आपला पाडवा, झाली की सपाट करणार, हे त्यानं हिंदीत असं गोड सांगितलं की जणू वास्तुशांतीचं आमंत्रण देतोय. कागद खोटे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. अप्पाराव कोर्टात जायचं म्हणाले. कोर्ट यायच्या आत बुलडोझर येतो, हे मी पिंपरीत पाहिलंय. मी म्हटलं, ठिय्या द्यायचा. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

“अक्का,” भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाली, “ठिय्या म्हणजे बसणंच की वो.”

६ मार्च, सोमवार

आज दिलीपनं सकाळी हलवून उठवलं. मी पलंगावर बसून झोपले होते. मांडी घालून. कित्येक वर्षांत माझी मांडी जमलेली नाही, पूजेलासुद्धा मी पाटावर बसत नाही. त्याला आनंद झाला, हैदराबादचं पाणी मानवलं म्हणाला. मग त्यानं विचारलं, पण हा हात असा का?

डावा तळहात छातीशी उघडा होता. बोटांत विभूतीचा वास.

घाबरले. लिहूनच टाकते, घाबरले. साबणानं हात धुतला, पोहे केले, दोन बशा खाल्ल्या.

१२ मार्च, रविवार

जे असेल ते डोळ्यांनी बघायचं म्हणून मुद्दाम बसले. भर उन्हात, सगळ्यांसमोर.

आधी तीच म्हातारी. मग पटकेवाला एक बाप्या, मुंग्या आलेला पाय झटकत. मग एक पोरसवदा सून, तिनं हात वर करून असा आळस दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जितका वेळ बसावं तितके जास्त. कुणी माझ्या अंगावर आलं नाही, कुणी दातओठ खाल्ले नाहीत. नुसते उभे होते, उभं राहायला मिळालं म्हणून खूश होते. आमच्या बायका उभ्या राहून विटल्या होत्या, ही माणसं बसून विटलीत. एवढंच.

मी उठले आणि गेले सगळे. जाताना त्या म्हातारीनं वळून पाहिलं. सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर बघतात तसं.

मला उठायला दोघींनी हात द्यावा लागला. कमरेखाली गार पडलं होतं. अप्पारावांनी मला फाटकाबाहेर नेऊन त्यांच्या थोरल्या काकांचं सांगितलं. बायको गेल्यावर रोज येऊन तिच्यापाशी बसायचे. एक दिवस उठले नाहीत. ओढलं, तरी नाही. मग त्यांना तिथंच बसवलं. “अजून उठता येतंय तुम्हाला,” अप्पाराव म्हणाले, “तोवर येणं बंद करा.”

ते चांगल्यासाठीच सांगत होते. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. एवढी माणसं उभी राहिली, तर बुलडोझर कुठून जाईल?

१ एप्रिल, शनिवार

उगादी. भाग्यलक्ष्मीनं पच्चडी आणली, कडुलिंबाची फुलं घालून. कडू आधी लागलं.

दिलीपनं माझं पुण्याचं तिकीट काढलंय. उद्याचं. परक्या गावच्या परक्या मेलेल्या माणसांसाठी तू का, असं तो विचारतोय, आणि रडतोय. तो रडताना मला बघवत नाही. त्याला सांगितलं, कारखाना गेला तेव्हा आम्ही सगळ्या सही करून उठलो. एकीनंही बूड हलवलं नसतं, तर तिथे आज फ्लॅट उभे नसते. पुन्हा उठायचं नाही मला.

जिवाची भीती वाटतेय. खूप वाटतेय. म्हणून काय झालं?

तिकीट फाडलं.

३ एप्रिल, सोमवार, सकाळ

फाटकाच्या आत खुर्ची. बाकीच्यांना बाहेर रस्त्यावर उभं केलंय, कुणी आत टेकायचं नाही असा मीच दम दिलाय. अप्पाराव कोर्टात गेलेत, स्थगितीसाठी. ती येईपर्यंत मी हलायचं नाही, बस.

बुलडोझर आला. पिवळाधमक, नवाकोरा. बिल्डरचा माणूस हसतोय. एक बाई आणि एक खुर्ची —

उठा, म्हटलं मी. मोठ्यानं म्हटलं. उठा सगळे.

दुपार

उठले. चिंचेपासून भिंतीपर्यंत, खांद्याला खांदा. आता बाहेरच्यांनाही दिसतायत, भाग्यलक्ष्मी तोंडावर पदर धरून — ड्रायव्हर मशीन चालू टाकून पळाला. जीप रस्त्यापलीकडे थांबलीय. मी उठायची वाट बघतायत. मी उठले की हे बसणार, हे बसले की ते येणार.

खुर्चीचे पाय दिसत नाहीत.

माझेही.

भाग्यलक्ष्मी आत आली. म्हणते, अक्का, तुम्ही उठा, मी बसते, माझीच माणसं आहेत ही. तिच्या पोरांची शाळा सुटायची वेळ झाली होती. हाकलली तिला. शिव्या घालून हाकलली.

ऊन उतरतंय

अप्पाराव आले. कागद हलवत, धावत, ते शूज घालून. स्थगिती मिळाली. जीप गेली. जिंकलो —

हे सगळे खाली जातायत. एकेक. म्हातारी थांबली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. हात गार —

ओढतायत मला. चौघं ओढतायत. दिलीप आलाय, टायसकट. ए, रडू नको ना रे —

सोडा म्हटलं. खांदा निखळेल. मांडी जमलीय, बघ दिलीप, किती छान —

डावा हात उघडलाय आपोआप. काहीतरी ठेवलं त्यावर. उघडू दे. उजवा अजून माझा आहे. तोवर लिहिते. कुणी फसवलं नाही मला. कुणी धरून आणलं नाही. मी बसले ती माझ्या मर्जीनं बसले. अप्पारावांना सांगा, दगडावर तसंच लिहा. उद्या कुणी म्हणायला नको की हिला बसव